तटावरची जोडसायकल

मी लुक्का गावची जोडसायकल बोलतेय. दोन सीटा, दोन हँडलं, चार पेडलं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गडद हिरवा रंग. वळवणारं हँडल एकच, पुढचं. मागचं नुसतं धरायला असतं. ब्रेकही दोन्ही पुढच्याच्याच हातात. माझी सगळी हकिगत या एवढ्या गोष्टीतून घडली आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी कारखान्यात जन्मले नाही. माझा पुढचा भाग एका बेकरीच्या सायकलचा आहे. वर्षानुवर्षं तिच्यावरून पावाच्या करंड्या वाहिल्या गेल्या. मागचा भाग मठातल्या एका सिस्टरच्या सायकलचा. तिचा दांडा खाली वाकवलेला, झग्यात अडकू नये म्हणून. या दोन सायकली मधोमध कापून, जोडून मला उभी केली लोरियानोने. गावाभोवतीच्या जुन्या दगडी तटावर रुंद रस्ता आहे; त्या तटाच्या दरवाज्याला लागूनच त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हा तो तरणाताठा होता, बोलण्यात तिखट आणि हाताला पक्का.

त्याने मला बनवलं ते एका मुलीसाठी. तिचं नाव दिल्वा.

दिल्वा वरच्या डोंगरातून, चेस्टनटच्या रानातल्या खेड्यातून आलेली. सिगारच्या कारखान्यात ती सिगार वळायची. संध्याकाळी भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून बायकांचा लोंढा सायकलींवरून बाहेर पडायचा, आणि त्या लोंढ्याच्या शेवटी ही एकटी पायी चालत यायची. आमच्या गावात पाद्र्यापासून म्हाताऱ्या पणजीपर्यंत सगळे सायकलवर. पायी चालणाऱ्याकडे लोक वळून बघतात.

एका संध्याकाळी लोरियानोने दुकानातूनच तिला हटकलं. "काय गं, पंक्चर झाली का सायकल? आण इकडे, काढून देतो."

"सायकल असेल तर पंक्चर होईल ना!"

"नाही? का बरं?"

"येत नाही मला." ती थांबलीच. "आणि हसायचं काम नाही. आमच्या गावात रस्ता नाही, पायऱ्या आहेत. तू पायऱ्यांवर चालवून दाखव, मग मी शिकते."

तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो दुकानाच्या मागच्या बाजूला लोखंड कापत बसला. मी तयार झाले तेव्हा त्याने मला तिच्या वाटेत आडवी उभी केली आणि म्हणाला, "तुला चालवायला यायलाच पाहिजे असं नाही. तू नुसती मागे बस. बाकी मी बघतो."

तंबाखूच्या वासाचे तिचे हात माझ्या मागच्या हँडलवर पहिल्यांदा टेकले, ते अजून माझ्या लक्षात आहेत. तिने इतकं घट्ट धरलं की रबराच्या मुठीत तिच्या बोटांचे ठसे उठले. तटावर जाणाऱ्या चढावर ती ओरडत होती, "सोड, मला उतरू दे!" आणि वर पोचल्यावर, झाडांच्या दुतर्फा रांगांमधून वारा लागायला लागला, तेव्हा म्हणाली, "थांबू नकोस हं."

लग्न झालं. दर रविवारी दोघं माझ्यावरून तटाची एक फेरी मारायची. आतल्या बाजूला गावाची कौलं आणि मनोरे, बाहेरच्या बाजूला हिरवळ आणि पलीकडे डोंगर. दिल्वाला डोंगर दिसले की ती त्यांच्याकडेच बघत बसायची. पेडल मारायचं विसरायची. लोरियानोला ते कळायचं नाही, कारण पेडलं एकमेकांना चेनने बांधलेली. एकाने मारली की दुसऱ्याचे पाय आपोआप फिरतात. पण जोर कोणाचा आणि नुसते पाय कोणाचे, ते मला बरोबर कळतं. हे गुपित मी कधी कोणाला सांगितलं नाही.

पुढे प्रवासी यायला लागले. आधी थोडे, मग झुंडीने. लोरियानोने दुरुस्ती कमी केली आणि सायकली भाड्याने द्यायला सुरुवात केली. आठवडाभर मी परक्यांची असायचे, रविवारी घरची.

त्या वर्षांत माणसं मी खूप पाहिली. गाव बघायला येणारा माणूस आधी नकाशा बघतो, मग बरोबरच्या माणसाशी भांडतो, मग गाव बघतो. माझ्यावर बसलेली जोडपी तर हमखास भांडायची. मागचा म्हणायचा, "डावीकडे वळ ना, तिकडे तो माथ्यावर झाडं उगवलेला मनोरा आहे!" पुढचा म्हणायचा, "तू चालवतोयस का मी?" पहिल्या फेरीत सगळे फोटो काढायचे. दुसऱ्या फेरीत गप्प व्हायचे. ते गप्प झाले की मला बरं वाटायचं. तेव्हा कुठे त्यांना पानांची सळसळ ऐकू यायची.

एकदा नापोलीहून एक नवं जोडपं आलं. अर्ध्या फेरीतच मुलगी मागून उतरली आणि चालायला लागली. मुलाला पत्ताच नाही. तो पुढे एकटाच बडबडत बुरुजापर्यंत गेला, हात उंचावून काहीतरी दाखवलं, आणि उत्तर येईना म्हणून वळून बघतो तर मागची सीट रिकामी! बिचारा घाम पुसत मला ढकलत परत घेऊन आला. मुलगी दुकानापाशी दिल्वाजवळ येऊन बसली होती, डोळे लाल करून.

दिल्वाने तिला कॉफी दिली. म्हणाली, "अगं बाई, पुढे बसलेल्याच्या पाठीला डोळे नसतात. तुला राग आला हे त्याला कसं कळणार? तोंडाने सांगायचं असतं. मी तर याच्या पाठीत गुद्दा घालते."

"खरंच घालते," लोरियानो आतून म्हणाला. "पाठीवरचे वळ दाखवू?"

मुलगी हसली. संध्याकाळी दोघं पुन्हा मला घेऊन गेली आणि अंधार पडायला लागला तरी परत येईनात.

अशी बरीच वर्षं गेली. दिल्वाने कारखाना सोडला, लोरियानोच्या मिशा पिकल्या. माझा रंग दोनदा नव्याने झाला. आणि मग मला एक गोष्ट जाणवायला लागली, जी दिल्वाला माहीत नव्हती आणि लोरियानो स्वतःशीही कबूल करत नव्हता. त्याच्या हातातलं हँडल हलकंसं भटकायला लागलं होतं. समोरचं त्याला दिसायचं. बाजूचं दिसत नव्हतं. रस्त्याच्या कडेचं झाड अगदी जवळ आलं की तो दचकून हँडल ओढायचा.

"काय झालं?" दिल्वा विचारायची.

"मांजर आडवं गेलं."

त्या वर्षी तटावर मांजरं फार झाली.

एका रविवारी बुरुजाच्या वळणावर बाजूने एक बाबागाडी आली. आई फोनवर बोलत होती, गाडी दोन पावलं पुढे. दिल्वाला दिसली, लोरियानोला नाही. ती किंचाळली. त्याने आवाजाच्या उलट्या दिशेला हँडल फिरवलं, आणि आम्ही तिघंही दगडी कठड्याला घासत खाली आलो. बाळाला काही झालं नाही. ते तर हसत होतं. दिल्वाचं मनगट मोडलं.

दवाखान्यात तिचा हात प्लास्टरमध्ये घालता घालता डॉक्टरने लोरियानोकडे बघितलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं. काचबिंदू. उशीर झालेला. आहे ती नजरही हळूहळू जाणार.

लोरियानोने दुकानाचं शटर ओढलं. भाड्याच्या सायकली एकेक करून दुसऱ्या दुकानदाराला देऊन टाकल्या. मला त्याने आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं, तोंड भिंतीकडे. त्याच्याशी कोणी डोळ्यांचा विषय काढला की तो रेडिओचा आवाज वाढवायचा. घराबाहेर पडायचं त्याने सोडलंच. दिल्वा म्हणायची, "चल, हात धरून जाऊ, झाडाखाली बसू." तो म्हणायचा, "हात धरून न्यायला मी काय बाळ आहे? आणि काय बघायला जाऊ?"

वर्ष गेलं. माझ्या चाकांतली हवा गेली. कोळ्याने माझ्या दोन सीटांच्या मध्ये छान जाळं विणलं.

मग एक दिवस ब्रुनेरो आला. चौकात त्याची खानावळ आहे. गोड बोलणारा, पोट सुटलेला, मनाने वाईट नव्हे. "लोरियानोकाका, ती जोडसायकल मला द्या. नुसती पडून आहे. मी माझ्या दर्शनी भिंतीवर टांगतो, दोन्ही सीटांवर जेरेनियमच्या कुंड्या ठेवतो. लाल फुलं, हिरवी सायकल! प्रवासी फोटो काढून वेडे होतील."

"घेऊन जा," लोरियानो म्हणाला. त्याने मानही वर केली नाही.

मी घाबरले. मला गंज चालला असता, अडगळ चालली असती. पण कुंड्या? सीटवर माती, आणि चाकं जमिनीपासून वर, कधीच न टेकणारी?

दिल्वा भांडी घासत होती. हात पुसत बाहेर आली. "थांब रे ब्रुनेरो. ती सायकल दोघांची आहे. मागचा अर्धा भाग माझा. याला पुढचा द्यायचा तर देऊ दे. करवत आण आणि कापून ने."

ब्रुनेरो कधी हिच्याकडे बघतो, कधी त्याच्याकडे. "काकू, अर्ध्या सायकलचं मी काय करू?"

"तेच तर मी गेलं वर्षभर स्वतःला विचारतेय," दिल्वा म्हणाली. "उन्हाळा संपताना गावचा सण येतो, तोवर थांब. मेणबत्त्यांची मिरवणूक झाली की ये. तेव्हा माझं काय ते ठरलेलं असेल."

ब्रुनेरो गेला. लोरियानोने रेडिओ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोरियानो झोपेत असताना दिल्वाने मला मागच्या दाराने बाहेर काढलं. ढकलत ढकलत तटावर नेलं. तिथे बाकावर फादर एजिस्तो तिची वाट बघत बसले होते. निवृत्त पाद्री, गोलमटोल, तरुणपणी सायकलच्या शर्यतीत भाग घेतलेले, निदान ते तसं सांगायचे तरी.

"फादर, हवा भरा आधी," दिल्वा म्हणाली. "आणि मग मागे बसा. मला शिकायचंय. पुढे बसून."

"या वयात? दिल्वा, अगं मला मागे कशाला बसवतेस?"

"मागे वजन हवं. लोरियानोचं आहे तेवढंच."

फादरनी पोटावर हात फिरवला. "वजन तर देवाने भरपूर दिलंय. धीर कमी दिलाय."

पहिल्या दिवशी आम्ही झाडाला धडकलो. पळायला आलेली दोन पोरं हसून लोळली. दुसऱ्या खेपेला आम्ही गवतात आडवे झालो आणि फादरचा चष्मा माझ्या चेनमध्ये सापडला. ते मागून जोरजोरात मारियामातेचा धावा करायचे. दिल्वा पुढून ओरडायची, "फादर, प्रार्थना नंतर! आधी पेडल मारा!"

तिचं हँडल थरथरायचं. मोडून जुळलेलं मनगट दुखायचं. पण मला वाटतं तिची खरी अडचण ती नव्हती. एकदा दमून बाकावर बसल्यावर तिनेच ती बोलून दाखवली.

"फादर, आयुष्यभर मी त्याची पाठ बघत बसले. शर्टाची शिवण, मानेवरचे केस. त्या पाठीच्या कडेकडेने जेवढं दिसेल तेवढं गाव मी बघितलं. आता पुढे बसते तर समोर काहीच नसतं. किती उघडंउघडं वाटतं, सांगू! वाटतं, कुणीतरी माझ्यापुढे बसलं पाहिजे."

फादर चष्म्याची वाकलेली काडी सरळ करत होते. "आणि त्याला मागे बसायला लावणार आहेस? तो बसेल?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला एवढंच माहीत आहे की मला चालवता आलं नाही तर तो कधीच बसणार नाही."

उन्हाळाभर आम्ही पडलो आणि उठलो. चेस्टनटला काटेरी फळं धरली तोवर दिल्वा सरळ रस्त्यावर सरळ जायला लागली. वळणावर मात्र तिचा श्वास अडकायचा.

एका दुपारी ती बाजारात गेलेली असताना लोरियानो चाचपडत आतल्या खोलीत आला. काय शोधत होता कोण जाणे. त्याचा हात माझ्या सीटला लागला आणि तिथेच थांबला. जाळं नव्हतं. धूळ नव्हती. मग त्याने मला सगळीकडून चाचपलं. टायर दाबून बघितले. दांड्यावरचे नवे ओरखडे त्याच्या बोटांना लागले, पेडलमध्ये अडकलेलं गवत लागलं. तो खाली जमिनीवर बसला, माझ्या पुढच्या चाकावर हात ठेवून. इतक्या दिवसांनी त्याचा हात लागला होता, मी श्वास घेणारी असते तर तो रोखून धरला असता.

दिल्वा परत आली आणि दारातच थबकली.

"हिला बाहेर कोणी नेलं?" त्याने विचारलं.

"मी."

"कोणाबरोबर?"

"फादर मागे बसतात."

माझ्या काळजाचं, म्हणजे तुम्ही ज्याला काळीज म्हणता त्याचं, पाणी झालं. मग त्याने हळूच विचारलं, "ब्रेक आधी कोणता दाबतेस?"

"पुढचा."

"पुढचा!" तो एकदम तडकला. "अगं, पुढचा आधी दाबलास तर दोघं उलटे व्हाल! मागचा आधी, मागचा! त्या जाड्या पाद्र्याला एवढं पण सांगता येत नाही?"

"त्यांचे डोळे मिटलेले असतात," दिल्वा म्हणाली. "तू ये आणि मागे बसून ओरड."

रविवारी सकाळी तो आला. त्याने आधी माझी चेन स्वतः पुसली, वंगण घातलं, सगळे नट पिळून बघितले. मागच्या सीटवर बसताना त्याच्या हाताने ब्रेक शोधले. नव्हते. त्यानेच लावले नव्हते.

"इथे तर काहीच नाही दाबायला," तो म्हणाला. "तू इतकी वर्षं इथे कशी बसलीस? एवढा विश्वास होता माझ्यावर?"

"विश्वास कसला! उतरता येत नव्हतं म्हणून बसले."

तटावर चढलो. ती त्याला दिसेल ते सांगायला लागली. मनोऱ्यावरची झाडं आहेत. धोब्याच्या गच्चीवर चादरी वाळत आहेत. डोंगरावर ढग आहे. बी-बियाण्यांचं जुनं दुकान आहे तसंच आहे.

"तिथून तळलेल्या बटाट्याचा वास येतोय," लोरियानो म्हणाला.

दिल्वाने पेडलं जोरात मारली.

"दिल्वा. डोळे गेलेत, नाक आहे. गोड गोड सांगायचं असेल तर मी घरी रेडिओ ऐकतो."

मग तिने खरं सांगितलं. बियाण्यांचं दुकान गेलं, तिथे आता तळणीचं दुकान आहे, लाल-पिवळी पाटी आहे, भयंकर कुरूप. पाणपोईजवळचं मोठं झाड वादळात पडलं. "आणि आपल्या शटरवर कोणीतरी कसल्याशा नाचाच्या जाहिराती चिकटवल्या आहेत, उघड्या पायांच्या बाईचं चित्र आहे."

"पाय चांगले आहेत का?"

"तुला दिसणार नाहीत एवढे चांगले."

तो हसला. वर्षभरात मी पहिल्यांदाच त्याचं हसू ऐकलं, आणि ते तर थेट माझ्या सांगाड्यातून गेलं.

मग ते वळण आलं. जिथे आम्ही पडलो होतो, ते. त्याला दिसत नव्हतं, पण उतार पायांना कळला असणार. त्याने जोर लावायचा थांबवला. पाय नुसते चेनबरोबर फिरत होते, निर्जीव. पुढे दिल्वाचा श्वास अडकला. मला दोघांचीही भीती एकदम जाणवत होती, पुढच्या चाकात एकीची, मागच्या चाकात दुसऱ्याची.

दिल्वाने मागे वळून पाहिलं नाही. तिने हँडल घट्ट धरलं आणि दोघांचं वजन एकटीने ओढलं. तिचे गुडघे करकरले, मला ऐकू आले. आम्ही अगदी हळू, चालत्या माणसाच्या वेगाने, कठड्यापासून हातभर लांबून वळलो. रस्ता सरळ झाला. थोडं पुढे गेल्यावर मागच्या पेडलांवर जोर आला. आधी थोडा. मग पुरता.

सण झाल्यावर ब्रुनेरो आला तेव्हा घराला कुलूप होतं. आम्ही तटावर होतो. त्याने कुठूनतरी एक जुनी लाल सायकल मिळवून भिंतीवर टांगली. फुलं छान आली आहेत, असं म्हणतात. मी मुद्दाम तिकडे बघत नाही.

आता लोरियानोला उजेड आणि सावली एवढंच कळतं. दिल्वाला तटावर चढताना धाप लागते, म्हणून चढावर दोघं खाली उतरतात आणि मला मधे घेऊन चालत वर येतात. मी पण थकले आहे. पुढच्या चाकातून एक बारीक आवाज येतो, तो लोरियानो दर शनिवारी शोधतो आणि दर शनिवारी त्याला सापडत नाही. पण रविवार आम्ही चुकवत नाही.

तुम्ही आमचं गाव बघायला याल. या. फोटो काढा, नकाशावरून भांडा, मनोऱ्यावर चढा. फक्त तटावर चालताना मागून एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला, "बाजूला व्हा हो, बाजूला!" तर दचकू नका. रस्ता रिकामा असला तरी तो असाच ओरडत असतो. तुम्ही नुसते बाजूला झालात तर त्याला दिसणार नाही. तेव्हा तोंडाने काहीतरी बोला. "जा काका" म्हणा, "सावकाश जा" म्हणा, तुमच्या भाषेत काय म्हणायचं ते म्हणा. कोणी बोललं की तो डोक्यावरची टोपी काढतो आणि आवाजाच्या दिशेने हलवतो. मग पुढचं बरंच अंतर त्याच्या पायांत असा जोर असतो की दिल्वाला पेडल मारावंच लागत नाही. ती डोंगराकडे बघत बसते.